दोर घेऊन ये, आसिमिना

त्या सप्टेंबरात पानायिसमामाच्या तोंडात तीनच दात उरले होते, आणि त्यातला मधला सडला होता.

बाकीचे गेले त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. पाव दुधात भिजवला की गिळता येतो, चीज तर जिभेनेही चिरडतं. पण पुढचे हे तीन दात त्याला हवे होते. त्यांच्या मागे जीभ टेकवून, ओठ ताणून तो शीळ घालायचा आणि दरीपलीकडच्या उतारावरून घरी असलेल्या मामीशी बोलायचा. पीठ संपलं का, काळी व्याली, दोन करडं झाली, एक मेलं, येताना तंबाखू आण. तोंडाने जे बोलता येतं ते सगळं आमच्या गावात शिळेवर बोलता येतं, भांडणसुद्धा. परमुलखात बाईला शीळ घातली तर पायताण खावं लागतं. आमच्याकडे शेळ्या घेऊन गेलेल्या नवऱ्याने दुपारपर्यंत शीळ घातली नाही, तर बायको शेजारणीला विचारायची, काय गं, काल माझा आवाज फार चढला होता का?

या बोलण्याची एक रीत आहे. ज्याला हाक आली त्याने आधी निरोप जसाच्या तसा उलट सांगायचा, मग म्हणायचं, ऐकलं, येतो. वाऱ्यात अर्धा निरोप उडून जातो म्हणून ही रीत. उत्तर येईपर्यंत हाक देणाऱ्याने हाक सोडायची नाही. आणि ऐकून उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याच्या तोंडावर दार लावणं.

मला हे सगळं कळतं, पण शीळ घालता येत नाही. दहाव्या वर्षी मला तालुक्याच्या शाळेत घातलं. तिथले मास्तर म्हणायचे, माणसं बोलतात, पाखरं शीळ घालतात, तू कोण? आणि सांगायच्या आत हातावर छडी बसायची. परत आलो तेव्हा कान गावचे राहिले होते आणि तोंड तालुक्याचं झालं होतं. माझ्या वयाची सगळीच अशी. आता मी गावात कॉफीचं दुकान चालवतो. शीळ घालणारी त्या वर्षी दोनच माणसं उरली होती, माझा मामा आणि त्याची बायको आसिमिना.

एप्रिलपासून पावसाचा थेंब नव्हता. अलीकडचा डोंगर शेळ्यांनी दगडापर्यंत खरवडला होता, म्हणून मामा रोज पहाटे दरी उतरून पलीकडच्या कड्याखाली चारायला जायचा. तिथे मोबाइल लागत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गाल भोपळ्यासारखा सुजलेला, डोक्याला फडकं बांधलेलं.

"मामा, काढून टाक तो दात," मी म्हटलं. "मरशील एक दिवस."

"बारा तारखेला ती दानाई येतेय. ती गेली की काढतो."

"आणि नाही आली तर?"

"येणार. तिने मला सांगितलंय, तुमच्या गावची शीळ सगळ्या जगाला ऐकू गेली पाहिजे. मग मी काय बोळक्या तोंडाने जगावर फुंकर मारू?"

दानाई राजधानीतल्या कुठल्याशा कचेरीतली होती. जुन्या गोष्टी जपायच्या आणि त्या सगळ्यांना खुल्या करायच्या, असं तिचं काम. मुलगी चांगली होती. आदल्या वर्षी येऊन तिने मामीच्या हातची अंजिरं खाल्ली, चुलीपुढे बसली, कुणाला तुच्छ लेखलं नाही. आमचा सरपंच स्त्रातोस तर तिच्यापुढे खुर्ची पुसायचा. शिळेमुळे पाहुणे येतील, पाहुण्यांमुळे रस्ता होईल, असा त्याचा हिशेब.

बारा तारीख हुकली. निरोप आला, एकोणिसाला येतो. एकोणिसाला आवाज भरायचं यंत्र बिघडलं, मग सव्वीस ठरली. तोवर मामाच्या दाताने ताप आणला. मामी दारूत बुडवलेला कापसाचा बोळा त्याच्या तोंडात ठेवायची.

"गिळू नकोस. दातावर धर."

"धरलाय."

"मग बाटली कशी खाली चाललीय?"

"दात पितोय."

ती हसायची आणि दाराआड जाऊन डोळे पुसायची. एक दिवस तीच शेळ्या घेऊन निघाली, तर हा काठी टेकत मागून गेला. म्हणाला, तू पलीकडे गेलीस तर अलीकडून उत्तर कोण देणार, हा लाम्ब्रोस? लाम्ब्रोस म्हणजे मी. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो आणि मला ते झोंबलं, पण खोटं नव्हतं.

सव्वीस तारखेला दानाई आली. सोबत कानावर टोप चढवलेला यंत्रवाला होता. बंद पडलेल्या शाळेत त्यांनी घोंगड्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमायला नको. मामा ठेवणीतला कोट घालून आला होता. त्याला बाकावर बसवलं, तोंडापुढे वीतभर अंतरावर आवाज टिपायची केसाळ काठी धरली आणि हातात कागद दिला.

"हे वाचून दाखवू का, आजोबा?" दानाई म्हणाली. "पहिलं वाक्य, 'जगभरातल्या पाहुण्यांचं आमच्या गावात स्वागत आहे.'"

मामाने खोलीभर पाहिलं. "कुठे आहेत?"

"कोण?"

"पाहुणे. कोणाला सांगू?"

"मला सांगा ना."

"तू तर इथे गुडघ्याला गुडघा लावून बसलीयस. तुला शीळ कशाला घालू? समोरच्याला शीळ कुत्र्यासाठी घालतात."

मामी खिडकीत उभी होती. ती म्हणाली, "घाल की. पोरगी लांबून आलीय."

त्याने घातली. इतक्या जवळून ती शीळ कानात सुईसारखी गेली. यंत्रवाल्याने टोप काढून कान चोळले आणि सांगितलं, हळू. हळू शीळ घालायची कशी ते मामाला माहीत नव्हतं. आमच्यात कुणालाच माहीत नाही. तो पुन्हा प्रयत्न करायचा, पुन्हा ते थांबवायचे. पाचव्यांदा त्याच्या हनुवटीवर रक्ताची लाळ आली आणि ठेवणीतल्या कोटावर पडली. दानाईने रुमाल पुढे केला. मामा तो घेईना, घाण होईल म्हणून. शेवटी त्याने बाहीलाच तोंड पुसलं. आयुष्यात त्याला इतका ओशाळलेला मी पाहिला नव्हता.

"चला, बाहेर जाऊ," दानाई म्हणाली. "जिथे तुम्ही रोज बोलता तिथेच."

स्त्रातोसच्या पिकअपमधून आम्ही दरीला वळसा घालून पलीकडच्या मोठ्या वळणावर गेलो. मामीचा पाव भट्टीत होता म्हणून ती घरीच राहिली. वळणावरून गाव समोर दिसतं, कोणाच्या दोरीवर काय वाळतंय तेसुद्धा. यंत्रवाला तारा जोडत होता. शेळ्या वर कड्याखाली सोडलेल्या होत्या. तेवढ्यात दगड गडगडले. काळी शेळी एका फटीत घसरली आणि केकाटायला लागली.

मामा कागद, काठी, कोट सगळं विसरला. दगडावर चढला, मान ताणली आणि शीळ घातली. आसिमिना, दोर घेऊन ये, काळी घसरली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा घालून तो बराच वेळ कान देऊन उभा राहिला, मग समोरून मामीचं उत्तर आलं, स्वच्छ, धुतलेल्या भांड्यासारखं. दोर घेऊन ये, काळी घसरली. ऐकलं, येते.

दानाई रडत होती. यंत्रवाल्याने अंगठा वर केला, सगळं आलं होतं. मामा आम्हाला म्हणत होता, अरे कोणी खाली वाका, तिची शिंगं धरा. पण आमच्यातल्या कोणाला त्या फटीत उतरता येईना. मामी दोर घेऊन दरी उतरून चढून आली तोवर तासभर झाला होता. शेळी निघाली, पण तिचा पाय मोडला होता. संध्याकाळी ती कापली आणि पाहुण्यांनाच वाढली. दानाईला मात्र घास गेला नाही.

पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या दंतवैद्याने मामाचे तिन्ही दात काढले. हिरडीच सडली होती. वाट बघण्यात महिना गेला नसता तर दोन वाचले असते, असं तो म्हणाला. हे मी मामीला सांगितलं, दानाईला नाही. काय उपयोग होता? तिला ते न सांगताच कळलं असावं, कारण मामाच्या कवळीची सगळी सोय तिने केली आणि स्वतः गाडीने त्याला नेलं-आणलं.

कवळी सुरेख होती. मामा एकदम तरुण दिसायला लागला. चौकातल्या म्हाताऱ्यांनी त्याला नवरदेव म्हणून चिडवलं. पण कवळीवर जीभ घसरायची. शीळ घालायला गेला की कवळीच सुटायची, नाहीतर नुसता फुस्स वारा यायचा. शेळ्यासुद्धा मान वर करेनात. तो पलीकडच्या उतारावर एकटाच सराव करायचा आणि इकडे मी कप विसळताना ते ऐकायचो. शब्द नसायचेच त्यात.

मामी तरीही उत्तर द्यायची.

आता उत्तर द्यायचं तर निरोप उलट सांगायला हवा. ती अंदाजाने सांगायची, पाव आण, ऐकलं, येते. आणि दरी उतरून चढून पाव घेऊन जायची. एकदा मी तिच्याबरोबर होतो. वर पोचलो तर मामा लाल झालेला.

"मी बादली म्हटलं होतं."

"मला पाव ऐकू आला."

"तुला काही ऐकू आलं नाही. काही नव्हतंच ऐकायला. मग कशाला उत्तर देतेस? माझी कीव करतेस?"

"हाक आली की उत्तर द्यायचं. रीत आहे."

"मला रीत शिकवू नकोस!" असं म्हणून त्याने कवळी काढली आणि दगडावर आपटायला हात उचलला. मामीने त्याचं मनगट धरलं. दोघं तशीच उभी राहिली. मग त्याने कवळी खिशात घातली, पाव घेतला आणि हिरड्यांनी चघळत बसला. मी उगाच शेळ्या मोजल्या.

हिवाळ्यात दानाईने शाळेत शनिवारी शिळेचा वर्ग सुरू केला. शिकवायला मामी. लहान पोरं गावात नाहीतच. आम्ही सहा जण गेलो, सगळे पन्नाशीपुढचे, बाकात पोट अडकणारे. "जीभ वाकव, दाताला टेकव, आता माझं नाव घे," मामी म्हणाली. मी जोर लावला आणि दुसऱ्याच बाजूने आवाज आला. वर्ग हसून हसून आडवा झाला, मामीसुद्धा. दुसऱ्या शनिवारी चार जण होतो. तिसऱ्या शनिवारपासून ऑलिव्हची तोडणी लागली. मी दुकानातून बघत होतो. मामी शाळेत गेली, तासभर एकटी बसली आणि दार ओढून घरी आली. वाटेत मला विचारलंही नाही, का आला नाहीस. मीही म्हटलं, पुढच्या शनिवारी जाऊ.

पुढच्या एप्रिलात मोठ्या वळणावर पाटी उभी राहिली. देखणी होती, त्यात वाद नाही. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी सिमेंटचा उतार, आंधळ्यांसाठी बोटांनी वाचायची उठावाची अक्षरं, वर लाकडी छप्पर, आणि मध्ये हिरवं बटण. दानाई भाषणात म्हणाली, जे एका दरीत अडकलं होतं ते आजपासून सगळ्यांचं आहे. मग तिने मामाला बटण दाबायला सांगितलं. मामा नको म्हणाला. शेवटी स्त्रातोसने दाबलं.

आसिमिना, दोर घेऊन ये, काळी घसरली.

मामाची भरदार, दात असतानाची शीळ दरीभर घुमली. मामी गर्दीत मागे उभी होती. तिच्या तोंडून आपसूक उत्तर गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा खाली बघत होता. त्याच्या ओठांकडे मी बघितलं, ते हलत होते.

"माझं उत्तर कुठाय?" मामीने दानाईला विचारलं. "त्या दिवशी मी दिलं होतं. यंत्रात आलं होतं."

"आलंय ना, आजी, कचेरीत नीट जपून ठेवलंय. पण इथे मध्ये बराच वेळ शांतता होती. लोकांना वाटलं असतं बटण बिघडलं, आणि ते निघून गेले असते. म्हणून फक्त हाक ठेवली."

मामी म्हणाली, बरं. आणखी काय म्हणणार होती?

मेपासून गाड्या यायला लागल्या. लोक उतरायचे, बटण दाबायचे, फोटो काढायचे. आणि इकडे मामी पीठ मळत असो, दूध काढत असो, नाहीतर परसाकडे बसलेली असो, दोर मागणारी नवऱ्याची शीळ यायची. ती उत्तर द्यायची. लोकांना ते उत्तर फार आवडायचं, ते पुन्हा दाबायचे. कधी कधी ती दोर उचलून निघायचीच. दोन वेळा मी तिला दरीच्या तळातून परत आणलं.

"मामी, ते बटण आहे गं."

"माहितेय मला."

"मग?"

ऑगस्टात दानाई आली तेव्हा मामी खांद्यावर दोर टाकूनच माझ्या दुकानात शिरली. एरवी बायका तिथे पाऊल टाकत नाहीत. पत्ते थांबले.

"पोरी, ते बटण काढ."

"आजी, तुम्ही उत्तर नाही दिलं तरी चालेल. ती खरी हाक नाही."

"आवाज तर त्याचाच आहे."

"पण तुम्हाला माहीत असतं ना, की..."

"तो रोज तिथेच वर असतो. तोंडात शीळ नाही त्याच्या. उद्या पडला, सरपटत त्या वळणापर्यंत आला आणि त्यानेच बटण दाबलं, तर मला कसं कळायचं?"

दानाईने वही उघडली. स्त्रातोस बोलला. "मामी, आता ते आपल्या हातात नाही. सगळ्यांचं आहे ते."

"सगळ्यांचं? बरं झालं. मग त्याने दोर मागितला की सगळ्यांनी दोर घेऊन निघायचं. मी एकटीनेच का?"

दुकान हसलं. मीही हसलो. दानाईने मात्र वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, वर विचारते. वरून सप्टेंबरात पत्र आलं. पुढच्या वर्षी पाटीची दुरुस्ती होईल तेव्हा विचार करण्यात येईल.

पत्र आलं त्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला होता. खुर्च्या उडत होत्या म्हणून मी दुकानाचं अर्धं दार लावून घेतलं होतं. दुपारी जेवणाच्या सुमाराला बटण वाजलं. दोर घेऊन ये. मामीने उत्तर दिलं आणि घटकाभराने मी तिला दोर घेऊन दरी उतरताना पाहिलं. हाक मारून थांबवावं असं वाटलं. पण दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि किती वेळा थांबवायचं?

तासाभराने शीळ आली. या खेपेला ती मामीची होती.

माणसं घेऊन या, पानायिस पडलाय, कड्याखाली.

स्त्रातोसने पत्ते खाली ठेवले. "नवीन आवाज भरला की काय त्या बटणात?"

"तिचा आवाज त्यात नाहीच आहे," मी म्हटलं आणि उठलो.

पुन्हा शीळ आली, तेच शब्द. आम्ही सात-आठ जण चौकात आलो. सगळ्यांना शब्दन् शब्द कळत होता. सगळे पलीकडच्या कड्याकडे बघत उभे होते आणि मग एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. सरपंच माझ्याकडे, मी सुताराकडे, सुतार खाली. उत्तर द्यायला हवं होतं. कोणीतरी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलं, येतोय! वाऱ्याने ते चौकाबाहेरसुद्धा जाऊ दिलं नाही. मी जीभ वाकवली, दाताला टेकवली. फुस्स झालं. या वेळी कोणी हसलं नाही.

पिकअपमध्ये कोंबून निघालो. स्त्रातोस वाटभर हॉर्न वाजवत होता. पण त्या वळणांवर येणारी-जाणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवते. त्यातून कोणाला काय कळणार? माणसं घेऊन या. शीळ थांबत नव्हती. रीतच तशी, उत्तर येईपर्यंत सोडायची नाही. मध्ये ती दम घ्यायची तेवढा वेळ आम्हीही गाडीत श्वास धरून बसायचो, मग ती पुन्हा सुरू व्हायची.

मोठ्या वळणावर गाडी थांबली, तिथून पुढे चढच होता. पाटीपाशी एक जोडपं उभं होतं, त्यांचं लहान मूल उतारावर गाडी गाडी खेळत होतं. बाई आम्हाला कौतुकाने म्हणाली, किती सुंदर, वर कोणीतरी खरंच वाजवतंय. स्त्रातोसचा हात बटणाकडे गेला. काहीतरी तर वाजवू, आपण आलोय एवढं तरी तिला कळेल. मी त्याचा हात धरला.

"काय सांगणार तिला? दोर घेऊन ये?"

त्याने हात मागे घेतला. एवढ्या थोरल्या पाटीत 'येतोय' असं कुठेच नव्हतं. आम्ही धावत चढायला लागलो. माझे गुडघे, माझं पोट, चाळीस वर्षं दुकानात बसलेला माणूस मी. दोनदा पडलो. वरून शीळ यायची, दर वेळी थोडी बारीक झालेली, शेवटी शेवटी शब्दांचे कोपरे झिजलेले. पानायिस पडलाय. माणसं.

ज्या फटीत काळी अडकली होती तिच्याच वरच्या अंगाला मामी बसली होती. दोराचं एक टोक ओकच्या बुंध्याला, दुसरं मामाच्या छातीला. एकटीने तिने त्याला तेवढं वर ओढलं होतं, आणखी घसरू नये म्हणून दोर स्वतःच्या कमरेला दोन वेढे घेतला होता. तिचे ओठ फुटून रक्त आलं होतं. त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं, कवळी शेजारी दगडावर नीट ठेवलेली. मी त्याचा हात धरला. तो सैल पडला होता, पण अजून गार झाला नव्हता.

आम्हाला बघूनही तिने एक शीळ अर्धी घातली, मग थांबली.

"लाम्ब्रोस, खाली ऐकू येत नव्हतं का रे?"

"येत होतं, मामी. पहिल्या हाकेपासून. आम्ही लगेच निघालो. सगळे निघालो."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तो विचारत होता," ती म्हणाली. "उत्तर आलं का? थोड्या वेळाने पुन्हा, आता आलं का? मी म्हणायची, अजून नाही."

स्त्रातोसने टोपी काढली. वारा तसाच होता. खाली वळणावर त्या पोराने बटण दाबलं असावं, मामाची शीळ कड्याला येऊन धडकली. मामीने उत्तर दिलं नाही.

"आलं म्हणायला पाहिजे होतं मी," ती म्हणाली. "म्हणणारही होते. पण त्याला कसं फसवणार? कान चांगले होते रे त्याचे."